प्रवासात काय विणावे?

पुष्कळ घरांच्या फडताळात, वरच्या कप्प्यात, एक कापडी पिशवी असते. तिच्यात एका स्वेटरची पाठ पुरी झालेली असते, पुढचा भाग काखेपर्यंत आलेला असतो, सुया तशाच अडकवलेल्या असतात. आणि ज्या मुलासाठी हे सारे मांडले तो मुलगा एव्हाना दोन इयत्ता पुढे गेलेला असतो. ती पाठ आता त्याच्या पाठीला पुरत नाही. लोकरीचे पैसे गेले, डोळे शिणले, आणि पोराने दोन हिवाळे तसेच काढले. खानदेशात उन्हाचे कौतुक फार. पण पौष-माघाच्या पहाटे इथला पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो, आणि सकाळच्या शाळेला निघालेली मुले कानावर हात धरून चालतात, हे शिक्षकांना सांगायला नको.

काम अर्धे राहिले की आपण बाईच्या आळसावर बोट ठेवतो. मला ते पटत नाही. शेत, चूल, पाणी, गुरे, म्हातारी माणसे, यांतून सलग एक तास हाताला रिकामा मिळणे कठीण. तो मिळतो कुठे, तर प्रवासात. अमळनेरहून रोज जळगावला किंवा धरणगावला गाडीने जाणाऱ्या-येणाऱ्या शिक्षिका आहेत, एस.टी.ने धुळे, चोपडा, पारोळा करणाऱ्या आहेत. सुरतेला कामासाठी गेलेल्या लेका-सुनेकडे वर्षातून दोनदा जाणाऱ्या आजी आहेत. हे तास मोजले तर त्यांत घरातली निम्मी विणकामे बसतील. पण होते असे, की घरात जे सुयांवर असेल तेच उचलून पिशवीत कोंबले जाते. मग गाडीत ते काम जमत नाही, दोनदा उसवावे लागते, आणि घरी आल्यावर पिशवी फडताळात जाते. तेव्हा प्रवासात विणावे की नाही हा प्रश्नच नाही. काय विणावे, हा आहे. आज त्याचाच थोडा विचार करू.

आपल्या भागाला वाटेवरच्या हातकामाची ओळख नवी नाही. धुळे जिल्ह्यातले ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला की मेंढरे घेऊन दूरच्या मुलखात उतरतात. मेंढरांमागे चालता चालता हातावरल्या चातीने लोकर कातणे हे दख्खनच्या धनगरांचे जुनेच काम. स्वातंत्र्याच्या चळवळीत टकळी आली. १९३६ साली फैजपूरला, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्यातच, काँग्रेसचे पहिले खेड्यातले अधिवेशन भरले. त्या काळातले कार्यकर्ते सभेत बसले तरी टकळी फिरवीत आणि आगगाडीत बसले तरी टकळी फिरवीत. पुढे १९३७ साली वर्ध्याला मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना मांडली गेली आणि टकळी शाळेत शिरली. परंतु टकळीला गाडीचा धक्का सोसत नाही. कच्चा पेळू, नुकता पडत असलेला पीळ, धक्का बसला की तार तुटली. विणकामाचे तसे नाही. इथे धागा आधीच कातलेला, पिळलेला, मजबूत असतो; धक्का बसला तर फार तर एक टाका सुईवरून घसरतो. म्हणून वाटेवर विणकाम टकळीपेक्षाही सोयीचे.

परदेशातही हे वाटेवरचेच काम होते. फ्रान्सच्या लांद भागात पूर्वी दलदल फार. तिथले मेंढपाळ उंच लाकडी काठ्यांवर उभे राहून कळप राखीत आणि वर उभ्या उभ्या विणीत. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधली माणसे, बायका आणि पुरुष दोघेही, कमरेला लाकडी खोबण बांधून तिच्यात एक सुई रोवीत, म्हणजे चालता चालता एका हाताचा भार हलका होई. आणि आपल्या हिमाचलात गेलात तर डोंगर चढता चढता मोजे विणणाऱ्या बाया आजही दिसतील. सांगायचा मुद्दा असा, की या सगळ्यांनी वाटेसाठी निवडलेले काम पाहिले तर ते मोजे, टोप्या, हातमोजे असेच सापडेल. चालत्या मेंढपाळाच्या हातात कोटाची पाठ कोणी दिली नाही.

जाता जाता एक शंका. खानदेशात मेंढरे आहेत, मग लोकर लुधियानाहून का यावी? कारण दख्खनी मेंढीची लोकर राठ, आखूड आणि बहुधा काळी असते. तिची घोंगडी उत्तम होते, पावसात अंगावर घेण्यासारखी; पण तिचा स्वेटर अंगाला टोचेल.

आता निवडीकडे येऊ. प्रवासाला न्यायच्या कामाची पहिली परीक्षा ही, की ते कुठल्याही क्षणी खाली ठेवता आले पाहिजे. स्टेशन आले, तिकीट तपासनीस आला, शेजारणीचे मूल रडू लागले, चहावाला आला, की हातातले काम टाकावे लागणार. नक्षीची सोळा टाक्यांची कडी असेल आणि तुम्ही अकराव्या टाक्यावर असाल तर, संपलेच. परत आल्यावर अकरा की बारा, हे कोण सांगणार? म्हणून जाळीची नक्षी, वेणीची नक्षी, दोन रंगांची फुले, हे सारे घरी, दिवसाउजेडी, मांडी घालून. गाडीत नुसते सुलट विणायचे, किंवा दोन सुलट दोन उलट. ‘जे दिसते ते विणायचे’ एवढा एकच नियम लक्षात ठेवला की हे काम बोटांना आपोआप येते: समोर सुलट टाका दिसला तर सुलट, उलट दिसला तर उलट. मोजणी नाही, कागद नाही.

दुसरी परीक्षा मांडीची. काम मांडीवर मावले पाहिजे आणि उकडले नाही पाहिजे. मोठ्या माणसाच्या स्वेटरची पाठ शेवटाकडे आली की मांडीवर अर्धे घोंगडे घेतल्यासारखे होते. दर ओळीला ते सारे वळवायचे, त्यात शेजारणीला कोपर लागायचे. एखादीला राग येतो, एखादी सोसते. दोन्ही बरे नव्हे.

तिसरी परीक्षा टप्प्याची, आणि हिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. एकाच स्वेटरात घरचे टप्पे असतात आणि वाटेचे टप्पे असतात. टाके घालणे, मोजणे, काखेला टाके घटवणे, गळा काढणे, भाग जोडणे, ही घरची कामे. त्यांना मोजपट्टी लागते, डोके लागते आणि मुख्य म्हणजे ज्याचे माप घ्यायचे तो समोर लागतो. खालची पट्टी झाल्यापासून काखेपर्यंतचा सरळ भाग मात्र वाटेचा. मग युक्ती अशी करावी: निघण्याच्या आदल्या रात्री घरीच टाके घालून, पट्टीच्या चार ओळी विणून, काम ‘रुळावर’ आणून ठेवावे. गाडीत बसल्यावर टाके घालायला घेऊ नयेत. पहिल्या स्टेशनात शंभर टाके घालायचे, गप्पांत मोजणी चुकायची, पुढच्या स्टेशनात परत मोजायचे, यात नंदुरबार येते!

लहान मुलाच्या स्वेटराच्या बाह्या मात्र बिनधास्त न्याव्यात. एक बाही मांडीवर रुमालाएवढी. फक्त दोन्ही बाह्या सारख्या यायला हव्यात. त्यासाठी दर दहा ओळींनंतर कडेच्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा छोटा तुकडा अडकवावा. दुसरी बाही विणताना दोरे मोजले की झाले. (आमच्या बायका ओळीला ‘सुई’ म्हणतात, ‘वीस सुया विणल्या’ असे, नव्या शिकणारणीचा त्यात फार गोंधळ होतो. शाळेत शिकवताना बाईंनी हातातली ती सुई आणि विणून झाली ती ओळ, असा भेद ठेवावा.)

आता वेळेचा हिशेब. हा केल्याशिवाय निवड करणे म्हणजे बाजार न पाहता कापूस विकणे. घरी घड्याळ लावून पाहा. सरावाच्या हाताने मिनिटाला वीस-एक टाके होतात. चाळीस टाक्यांची ओळ असेल तर दोन मिनिटे, तासाला तीस ओळी. गाडीत त्याच्या निम्म्या धरा, पंधरा. चढणे, उतरणे, जागा शोधणे, गप्पा, खिडकीबाहेर पाहणे, हेही प्रवासातच येते ना. अमळनेर ते जळगाव साधारण तासाभराचा रस्ता. ८ नंबरच्या सुयांवर मध्यम जाडीच्या लोकरीचे चाळीस टाके घातले तर पट्टी अठरा-एक सेंटिमीटर रुंद होते, म्हणजे मफलरची रुंदी. नुसते सुलट विणताना दहा सेंटिमीटरला चव्वेचाळीसच्या आसपास ओळी बसतात. म्हणजे एका खेपेत पंधरा ओळी, जेमतेम दोन बोटे. वाचून मन खट्टू होईल. पण एकशेवीस सेंटिमीटरच्या मफलरला सुमारे पाचशे तीस ओळी लागतात. पंधराने भागा, पस्तीस खेपा. रोज जाणे आणि येणे अशा दोन धरल्या तर अठरा दिवस. शाळेला जाणाऱ्या बाई गणपतीनंतर सुरू करतील तर दसऱ्याच्या आगेमागे मफलर हातात! घरचा एक मिनिटही न लावता. सातवीच्या वर्गाला हे गणित फळ्यावर घालावे. मुले व्याजाच्या गणितापेक्षा हे आनंदाने करतील.

लांबच्या प्रवासाला टोपी उत्तम. ताप्तीकाठची ही रेल्वे १८९८ ते १९०० या वर्षांत टप्प्याटप्प्याने सुरू झाली; सुरतेजवळच्या उधन्यापासून जळगावपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर. एकेरी रूळ होता तेव्हा समोरची गाडी येईपर्यंत मधल्याच स्टेशनात ताटकळत बसावे लागे, आणि त्या वेळात कितीतरी टोप्या झाल्या असतील. २०१८ साली दुसरा रूळ पुरा झाला. गाडीची सोय झाली, विणणाऱ्यांची थोडी गैरसोय झाली, असे म्हणायला हरकत नाही.

टोपीची रीत अशी. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी मध्यम जाडीची लोकर आणि ९ नंबरच्या सुया घ्याव्यात. नव्वद टाके घालावेत. पहिली ओळ दोन सुलट, दोन उलट अशी. शेवटी दोन सुलट उरतील. परतताना ‘जे दिसते ते’ विणायचे, म्हणजे दोन उलटांनी सुरुवात होईल. बावीस सेंटिमीटरपर्यंत असेच. ही पट्टी ताणली जाते, म्हणून डोके एक-दोन बोटे लहान-मोठे असले तरी चालते. हाच टोपीचा मोठा गुण, माप घ्यायला मूल समोर नसले तरी अडत नाही. वर आल्यावर एका ओळीत दोन-दोन टाके एकत्र सुलट विणावेत, पंचेचाळीस उरतील. पुढची ओळ सबंध उलट. मग पुन्हा दोनाचा एक, शेवटचा टाका एकटाच, तेवीस उरतील. धागा हातभर ठेवून तोडावा, मोठ्या नाकाच्या सुईने त्या तेवीस टाक्यांतून ओवून घट्ट ओढावा आणि त्याच धाग्याने मागची शिवण खालपर्यंत घालावी. गाडीतल्या वेगाने याला आठ-दहा तास लागतात. सुरतेला जाऊन आले की टोपी शेंड्याशी येते.

ज्यांना मोजण्याचाच कंटाळा, त्यांच्यासाठी कोपऱ्यापासूनचा चौकोन. हे काम प्रवासासाठीच जन्माला आले आहे, असे माझे मत. तीन टाके घ्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पहिल्याच टाक्यात दोनदा विणून एकाचे दोन करा, बाकी ओळ नुसती सुलट. काम त्रिकोणी वाढत जाईल. त्रिकोणाची तिरकी कड पंधरा सेंटिमीटर, म्हणजे अंदाजे एक वीत भरण्याआधी दोन बोटे, झाली की उलट करा: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणून एक घटवा. तीन टाके उरले की बंद. चौकोन तयार. लोकर जाड असो की बारीक, सुई कुठलीही असो, कड मापाची आली म्हणजे चौकोन मापाचाच येतो. उरलेल्या गुंड्या, उसवलेल्या जुन्या स्वेटरची लोकर, सगळे यात खपते. फक्त शक्य तोवर सारख्या जाडीचे एकत्र घ्यावे. असे आठ गुणिले दहा, ऐंशी चौकोन जोडले की एकशेवीस बाय दीडशे सेंटिमीटरचे पांघरूण होते. ही आपली गोधडीच की! तीत लुगड्याचे तुकडे, हिच्यात प्रवासाचे. किती लोकर लागेल हे कळायला पहिला चौकोन किराणा दुकानाच्या काट्यावर घालावा आणि ऐंशीने गुणावे. एका वर्गातल्या चाळीस मुलामुलींनी दोन-दोन चौकोन केले तर गावातल्या एखाद्या एकट्या म्हाताऱ्याचे पांघरूण होते. मुलांनीही करावेत, हो. मेंढपाळ विणीत ते पुरुषच होते.

बाळासाठी विणणे हा वेगळा विषय आहे आणि त्यात हौसेपेक्षा सावधपणा मोठा. लेक पहिल्या बाळंतपणाला यायची असली की आजीची बोटे शिवशिवतात. गाडीत बसून कुंची, टोपरे, पायमोजे होतात. मापाला अगदी लहान, नेमके वाटेचे काम. परंतु दोन गोष्टी पाहाव्यात. एक, आज बाजारात ‘लोकर’ म्हणून जे मिळते त्यातले पुष्कळसे मेंढीचे नसून अॅक्रिलिक, म्हणजे कारखान्यात केलेला धागा असतो. तो स्वस्त, धुवायला सोपा, न टोचणारा. पण आगीशी त्याचे वैर. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेकाची शेगडी ठेवतात. ठिणगी पडली तर खरी लोकर सहसा पेट धरत नाही, काळवंडते आणि विझते. अॅक्रिलिक मात्र पेटते, वितळते आणि कातडीला चिकटते. ओळखायचे कसे? वितभर धागा चिमट्यात धरून मोठ्या माणसाने काडी लावून पाहावी. केस जळल्याचा वास आला आणि बोटाने चुरडेल अशी राख झाली तर खरी लोकर. वितळून टोकाला कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. शेगडीजवळ, चुलीजवळ असले कपडे घालून बाळाला नेऊ नये. दुकानदार काय म्हणतो यापेक्षा काडी काय म्हणते ते खरे.

दुसरी गोष्ट मोज्यांच्या आतल्या बाजूची. दोन रंगांची नक्षी केली की आत सुटे धागे आडवे राहतात. तान्ह्या बाळाचे बोट त्यात अडकले, धागा बोटाभोवती गुंडाळला गेला, तर बोटाचे रक्त अडते. बाळ रडते आणि का रडते ते कोणाला कळत नाही. म्हणून तान्ह्याचे मोजे एकरंगी, नुसत्या सुलटाचे, आणि टोके आत चांगली ओवून बंद केलेली. घालण्यापूर्वी मोजा उलटा करून पाहायचा. कुंचीला गळ्याशी लांब नाड्या ठेवू नयेत. आणि वर सांगितलेले चौकोनाचे सैल पांघरूण तान्ह्या बाळावर झोपेत घालू नये, ते तोंडावर येते. ते म्हाताऱ्यांच्या गुडघ्यावर शोभते.

ऋतूचेही पाहिले पाहिजे. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, त्या सुमारास खानदेशात काय ऊन असते ते आपण जाणताच. त्या दिवसांत लोकर हाताला चिकटते, सुयांवर सरकत नाही, टाके आवळ येतात. चैत्रापासून मृगापर्यंत सूत घ्यावे. सूत आपल्या मातीतले. अमळनेरची प्रताप मिल १९०६ साली उभी राहिली ती याच कपाशीच्या जोरावर. सुताला सुया नकोत, क्रोशा बरा. क्रोशाचे एक वैशिष्ट्य प्रवासाला फार उपयोगी आहे. दोन सुयांवर विणताना ओळीतले सगळेच टाके उघडे असतात, सुई निसटली की सगळे धोक्यात. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो. आकडी निसटली तर तो एकच फास धरायचा. दुधाच्या पातेल्यावर घालायचे मण्यांचे जाळीदार झाकण, रुमालाची कड, दारावरचे तोरण, ही कामे उन्हाळ्याची. उबेच्या कपड्यांना मात्र क्रोशाच्या वाटेला जाऊ नये. धागा जास्त लागतो आणि कपडा ताठर येतो.

सुयांविषयी थोडे. आपल्याकडे सुयांचे नंबर अजून जुन्या इंग्रजी पद्धतीचे चालतात आणि ते उलटे आहेत, नंबर मोठा तशी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. हा हिशेब तारेच्या मापावरून आला. तार बारीक होत जाई तसा नंबर चढे. नव्या सुयांवर मिलिमीटर छापलेले असतात. दोन्ही जवळ लिहून ठेवावेत, नाहीतर ४ मिलिमीटरच्या जागी ४ नंबर आणला तर मफलरची मच्छरदाणी होईल. गाडीत लांब सुया नकोत. मधे लवचीक दोरी असलेली गोल सुई मिळते, ती घ्यावी. तिच्यावर सरळ कामही करता येते, कामाचे ओझे दोरीवरून मांडीत राहते, कोपर लागत नाही आणि बाकाखाली घरंगळत जाण्याचा प्रश्न मिटतो. ज्यांच्याकडे सरळ सुयाच आहेत त्यांनी टोकांना बूच लावावे. एस.टी. खड्ड्यातून उसळते तेव्हा उघडे टोक शेजारच्या पोराच्या डोळ्याजवळ असू शकते. उभ्याने, गर्दीत, दाराशी विणूच नये. ज्यांना बसमध्ये खाली पाहिले की मळमळते त्यांनी नजर खिडकीबाहेर ठेवून बोटांच्या अंदाजाने नुसते सुलट विणावे, सरावाने येते. विमानाने जाणाऱ्यांनी सुया हातातल्या सामानात चालतात का, हे त्या कंपनीला आधीच विचारावे.

रंग मधला असावा. पांढरे गाडीच्या धुळीने मळते, काळे आणि गडद निळे डब्याच्या दिव्यात दिसत नाही. गुंड्यांच्या चिठ्ठीवर रंगाच्या घाण्याचा नंबर असतो; सगळ्या गुंड्या एकाच नंबराच्या, आणि लागतील त्यापेक्षा एक जास्त, अशा घ्याव्यात. सुरतेहून आणलेला पोपटी आणि अमळनेरच्या दुकानातला पोपटी कधीही एक होत नाहीत.

पैसे वाचवायला विणावे का, असे कोणी विचारील. खरे सांगायचे तर नाही. लुधियानाचा तयार स्वेटर पुष्कळदा लोकरीच्या किमतीत मिळतो. मुलाला आजच थंडी वाजत असेल तर आज बाजारात जावे, स्वेटर घ्यावा आणि त्याला घालावा. तुमच्या सुयांची वाट त्याने पाहू नये. विणायचे ते कान, मान, हात, पाय. जिथे बाजारचे काम मापाला बसत नाही ते. आणि पंचांग उलटे धरून विणायचे. पौषात हवे तर दिवाळीपर्यंत पुरे झाले पाहिजे, दिवाळीला पुरे व्हायचे तर पोळ्याला टाके पडले पाहिजेत. श्रावणात माहेरी जाणारीच्या पिशवीत लोकर असावी ती यासाठी.

गाडीत विणणारी बाई एकटी राहत नाही, हाही एक लाभच. पाच मिनिटांत समोरची आजी विचारते, “हाई काय शे वं माय?” मग कळते की तिने १९६२ साली चीनच्या आक्रमणाच्या वेळी आईच्या मांडीशी बसून जवानांसाठी मोजे विणलेले पाहिले होते. तेव्हा देशभर घराघरांतून असे मोजे आणि स्वेटर गेले. मोज्याची टाच वळवण्याची रीत आजीच्या बोटांत अजून असते, ती कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळते. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात भाजी निवडणे आणि विणणे शेजारी शेजारी चालते आणि नमुने एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जातात.

अर्ध्या तासाने एकदा हात थांबवावा, मनगटे फिरवावीत, लांब पाहावे. ओळ अर्धी असताना काम पिशवीत घालू नये. ओळ पुरी करून, टाके सुईच्या मध्यावर सरकवून, मगच. गुंडी लहान कापडी पिशवीत घालून तिचा बंद मनगटात अडकवला की ती बाकाखाली पळत नाही. पिशवीत कात्री बोथट टोकाची, मोठ्या नाकाची एक सुई, वेगळ्या रंगाचा दोरा आणि दोन सेफ्टी पिना. यातली पिन सर्वांत महत्त्वाची. टाका घसरून खाली उतरत चालला असे दिसले की घाबरून ओढाओढ करू नये. आधी तो पिनेत धरावा आणि पिन बंद करावी. मग तो खाली उतरत नाही. वर उचलायचे काम घरी, उजेडात, क्रोशाच्या आकडीने: मोकळ्या झालेल्या आडव्या धाग्यांची शिडी दिसते, तिचा एकेक दांडा खालून वर फासातून ओढून घेत यायचे, आणि शेवटचा फास पुन्हा सुईवर चढवायचा.